चांगलं म्हणायला शिकले, ते इंग्रजीत

आमच्या घाटघर गावात पाहुण्याला वाढताना आधी जेवणाची बदनामी करायची असते. दोन पदार्थ केलेले असोत की दहा, ताट पुढं ठेवताना बाई म्हणणारच, "काय न्हाई केलं, साधंच हाय, गोड मानून घ्या." मीही पंचवीस वर्षं हेच म्हणत आले. मनातून मात्र मला पक्कं ठाऊक असायचं, की नाचणीची भाकरी माझ्यासारखी या गावात कुणाला जमत नाही. पाहुण्यानं म्हणायचं, "छान झालंय हो." आपण म्हणायचं, "कसलं काय." आणि तेवढ्यात दुसरी भाकरी त्याच्या ताटात टाकून मोकळं व्हायचं. हे सगळं न बोलता ठरलेलं असतं. ज्याला हे ठाऊक नाही असं माणूस माझ्या पुढ्यात कधी जेवायला बसलंच नव्हतं.

आता मुळात मी इंग्रजीच्या नादी का लागले ते सांगते. माझा नवरा दिवाळी झाली की पारगावला जायचा, साखर कारखान्यावर हंगामी कामाला. भात निघून खळ्यावरून घरात आलं की त्याची पिशवी भरायची, ती थेट शिमगा उलटल्यावर रिकामी व्हायची. बावीस हंगाम असे गेले. दोन्ही पोरं चालायला लागली तेव्हा तो तिकडं होता. आता पोरगा पुण्याला नोकरीत, पोरगी जुन्नरला होस्टेलवर. म्हणजे पाच-सहा महिने घरात मी एकटी, दोन म्हशी आणि भिंतीपलीकडं थोरली जाऊ. त्याची कंबर धरायला लागली होती. बोलायचा नाही, पण उठताना खांबाला हात लावायचा. मला तो घरी हवा होता. एवढं साधं होतं, आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, त्याला तर मुळीच नाही.

गावात पाहुण्यांची तशी कमी नाही. पावसाळ्यात शनिवार-रविवारी नाणेघाटाकडं गाड्यांची रांग लागते, चहा-भजी खातात, फोटो काढतात, जातात. त्यांना इंग्रजी लागत नाही आणि त्यांच्या जिवावर घर चालत नाही. पण पुण्याची एक कंपनी परदेशी लोकांना चालत फिरवायची. कोकणातून घाट चढून वर यायचं, आमच्या गावात मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी जुन्नरकडं जायचं. त्यांचा मोसम दसरा ते होळी, म्हणजे अगदी कारखान्याच्या हंगामाचे दिवस. त्यांना गावात एक कायमचं घर हवं होतं. बाईनं जेवणखाण बघायचं, बाप्यानं पाहुण्यांना घाटातून वर आणायचं. अट एकच. त्यांचा गाइड पाहुण्यांना पोचवून पुढच्या गावची सोय बघायला जाणार, तेव्हा घरात कुणीतरी इंग्रजी बोलणारं पाहिजे. मी दहावीला इंग्रजीत काठावर पास झाले होते, तेही मास्तरांच्या दयेनं.

त्याच उन्हाळ्यात जुन्नरच्या एका संस्थेनं गावातल्या बायकांसाठी वर्ग काढला. दर शनिवारी शाळेच्या खोलीत, पाहुण्यांशी बोलायचं आणि आपल्या घराची जाहिरात करायची इंग्रजी. शिकवायला आली ती जुन्नरचीच मुलगी. बापाचं बाजारात बांगड्यांचं दुकान, आणि ही चार वर्षं पुण्यात कॉल सेंटरला काम करून परत आलेली. डोक्याला रुमाल, त्यावर हेल्मेट, आणि स्कूटी असली की घाट काय नि वळण काय. वयानं माझ्या पोरासारखीच, पण पहिल्या दिवशीच आम्ही तिला मॅडम म्हणून टाकलं आणि ती आम्हाला ताई.

मॅडम हुशार. व्याकरणाच्या वाटेला गेलीच नाही. गरम पाणी हवं का, मोरी मागच्या बाजूला आहे, तुम्ही काय खात नाही, कुत्रा चावत नाही, अशी कामाची वाक्यं आधी तोंडात बसवली. आम्ही सात जणी भिंतीला टेकून बसायचो आणि एकमेकींना विचारायचो, "डू यू नीड हॉट वॉटर?" थोरल्या जाऊबाई दर वेळी "नो, थँक यू" म्हणायच्या, कारण तेच त्यांना सोपं जायचं. मी चिडायचे. म्हणायचे, "आक्का, एकदा तरी पाणी घ्या की." सगळ्या हसायच्या.

मग मॅडमनं सांगितलं, आपल्या घराबद्दल चार ओळी लिहून आणा, कंपनीच्या वेबसाइटवर टाकायला. मी डिक्शनरी घेऊन दोन दिवस बसले. लिहिलं ते असं: "अवर हाउस इज स्मॉल. वुई आर सिंपल पीपल. फूड इज ऑर्डिनरी. प्लीज अॅडजस्ट." मला वाटलं, किती नम्र झालंय. बाकीच्यांचंही तेच. एकीनं तर "सॉरी" नंच सुरुवात केली होती. मॅडमनं सातही कागद वाचले आणि माझा उचलून वर ठेवला. मग म्हणाली, "ताई, हे वाचून मी तुमच्याकडं येईन का?" मी म्हणाले, "मॅडम, आपल्याच तोंडानं आपलं चांगलं कसं म्हणायचं? लोक काय म्हणतील?" ती म्हणाली, "लोक इंग्लंडात आहेत. त्यांना तुम्ही लाजताय हे कसं कळणार? ते कागदावर आहे तेच खरं धरतात." मला ते पटलं नाही. मी म्हणाले, खाल्ल्यावर कळेलच की.

गणपती उठले आणि कंपनीची बाई घर बघायला आली. साठीची असेल, गोरी, उंच, पायात जाड बूट, आणि चेहरा हसरा. बरोबर पुण्याचा एक तरुण साहेब. घर पक्कं करायचं की नाही, हे तिच्या शब्दावर होतं. मी पहाटेपासून रांधत होते. मासवडी आणि रस्सा, नाचणीची भाकरी, खुरासणीची चटणी. भात जाऊबाईंनी केला होता. भात त्यांनीच करावा, पण हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नव्हतं. बाईनं घर बघितलं, मोरी बघितली, अंगणातून जीवधन किल्ल्याकडं बघत उभी राहिली. मी सगळी वाक्यं न चुकता म्हटली. हॉट वॉटर, कुत्रा, सगळं. साहेब माझ्याकडं बघून मान डोलवत होता. नवरा दारात उभा होता आणि मला त्याच्याकडं बघायचं धाडस होत नव्हतं, इतकं सगळं बरं चाललं होतं.

मग मी ताट ठेवलं. आणि ताट ठेवताना जे पंचवीस वर्षं तोंडातून आलं तेच आलं, फक्त इंग्रजीत. "धिस इज नथिंग. फूड इज नॉट गुड. प्लीज टेक स्वीट."

बाईनं झटकन ताटावर हात धरला. "नो, नो स्वीट, थँक यू." मी गोंधळले. म्हटलं, हिला नीट ऐकू आलं नसेल, म्हणून पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं, "नॉट गुड फूड. टेक स्वीट, टेक स्वीट." तिचा चेहरा बदलला. ती साहेबाच्या कानाशी काहीतरी बोलली. साहेब उठून चुलीपाशी आला आणि हळूच म्हणाला, "ताई, जेवण खराब झालंय का? कालचं आहे का? त्या म्हणतात, तुम्ही स्वतःच सांगितलंत चांगलं नाही म्हणून. आणि त्यांना शुगर आहे, गोड नको म्हणतात." मी त्याला मराठीत समजावलं, त्यानं तिला सांगितलं, ती हसली, पण एकदा माणसाच्या पोटात शंका शिरली की ती निघत नाही. तिनं दोन घास भात खाल्ला आणि पिशवीतून स्वतःचं केळं काढलं. माझ्या भाकरीला हात लावला नाही.

ते गेल्यावर मी भांडी इतक्या जोरात घासली की जाऊबाई भिंतीपलीकडून म्हणाल्या, "अगं, पातेल्याला भोक पाडशील." नवऱ्यानं माझ्यासमोर बसून मासवडीबरोबर तीन भाकऱ्या खाल्ल्या. मग ताटात पाणी ओतत म्हणाला, "जाऊ दे गं. पारगाव हाय की." तो मला बरं वाटावं म्हणून बोलला होता. मला त्याच्या या बोलण्याचा जेवढा राग आला तेवढा त्या केळ्याचाही आला नव्हता.

शनिवारी मी वर्गात गेले ती भांडायलाच. म्हणाले, "मॅडम, तुमच्या इंग्रजीनं माझं वाटोळं केलं." ती शांतपणे म्हणाली, "माझं इंग्रजी तुम्ही वापरलंच कुठं? तुम्ही मराठीच बोललात, फक्त शब्द त्यांचे होते." मग थोडी नरमून म्हणाली, "आमच्या घरीपण हेच. अम्मी बिर्याणीचं अख्खं पातेलं पुढं ठेवते आणि म्हणते, कुछ खास नहीं बना. मी पुण्यात पहिल्यांदा मुलाखतीला गेले, तर साहेबानं विचारलं, तुला काय येतं? मी म्हणाले, काही विशेष नाही. त्यांनी मला परत पाठवलं." त्या मुलीनं हे हसत सांगितलं, पण मला तिच्यावर आणखी ओरडता आलं नाही.

झालेलं कानावर गेल्यावर मॅडमनंच साहेबाला फोन केला होता, गोड मानून घ्या म्हणजे काय ते बाईंना नीट समजावा म्हणून सांगितलं होतं. साहेब म्हणाला, दसऱ्यानंतर बाई पुन्हा येतील, या खेपेला दोन पाहुणे घेऊन, आणि तेव्हा नक्की करू. म्हणजे एक संधी उरली होती. मॅडमनं तो सगळा तास एकाच गोष्टीला दिला. प्रत्येकीनं उभं राहून आपल्या एका पदार्थाबद्दल इंग्रजीत मिनिटभर चांगलं बोलायचं. माफी मागायची नाही, लहान म्हणायचं नाही, साधं म्हणायचं नाही. सातही जणी उभ्या राहिल्या आणि सातही जणी मुक्या. मी "माय भाकरी इज..." इथवर आले आणि अडकले. शब्द येत होता. गुड म्हणायला काय लागतं? पण जीभ उचलेना. चार बायकांत पदर सरकला असता तरी मला एवढी लाज वाटली नसती.

मॅडमनं थोडा विचार केला. मग जाऊबाईंना म्हणाली, "स्वतःचं राहू द्या. यांच्या भाकरीबद्दल सांगा." आता जावाजावांचं नातं काय असतं ते सांगायला नको. एका भिंतीची दोन घरं, एक बांध, वीस-पंचवीस वर्षांची उणीदुणी. जाऊबाईंनी मला कधी वाईट म्हटलं नाही, पण चांगलं म्हटल्याचंही मला आठवत नाही. त्या उभ्या राहिल्या. भिंतीकडं बघत, एकेक शब्द ठेवत म्हणाल्या, "हर भाकरी व्हेरी सॉफ्ट. नेक्स्ट डे ऑल्सो सॉफ्ट. आय ट्राय. आय कॅनॉट."

मी जमिनीकडं बघत राहिले. मला भरून आलं होतं, आणि ते मी लपवलंही नाही. या बाईनं माझ्या भाकऱ्या बघून तशा करायचा प्रयत्न केला होता, आणि जमलं नाही हे तिला ठाऊक होतं, आणि हे मराठीत तिनं जन्मात कबूल केलं नसतं. मग माझी पाळी. मी त्यांच्या भाताबद्दल बोलले. दाणा दाण्याला चिकटत नाही, वास ओसरीपर्यंत येतो, मी भात करायचाच सोडून दिला कारण त्यांच्यापुढं माझा चालत नाही. इंग्रजी मोडकंच होतं, पण थांबले नाही. जाऊबाई एकदम म्हणाल्या, "कवापासनं?" मी म्हणाले, "लई वर्सं झाली, आक्का." एकमेकींचं चांगलं म्हणायला इंग्रजीत आम्हाला लाज नव्हती. त्या भाषेत आमची सासूही नव्हती आणि भाऊबंदही नव्हते.

तेव्हा मॅडमनं वाट काढून दिली. बाई आली की भाकरी मी वाढायची आणि तारीफ जाऊबाईंनी करायची, भात जाऊबाईंनी वाढायचा आणि तारीफ मी. महिनाभर आम्ही दोघी गोठ्यात, बांधावर, चुलीपाशी एकमेकींची इंग्रजीत स्तुती करत फिरत होतो. नवरा म्हणायचा, "ह्या बायकांचं भांडण चाललंय का काय चाललंय?" मी म्हणायचे, "तुमाला न्हाई कळायचं."

दसरा झाला. बाई यायच्या आदल्या दिवशी सकाळी लोणीहून फोन आला. जाऊबाईंचा जावई तिकडं शाळेवर शिक्षक आहे. लेकीच्या पोटात दुखायला लागलं होतं, दिवस भरायला अजून पंधरा दिवस होते. जाऊबाई पिशवी भरून एसटीला धावल्या. जाताना भाताचे तांदूळ निवडून मापून ठेवून गेल्या आणि पाणी किती ते तीन वेळा सांगून गेल्या. गाडीच्या पायरीवरून म्हणाल्या, "माझं बोलनं तूच बोल." आणि गाडी हलली.

बाई आली, बरोबर एक म्हातारं जोडपं. घाट चढून आलेली, घामाघूम, खूश. मी पाणी दिलं, गरम पाण्याचं विचारलं. साहेब कोपऱ्यात बसला होता, मदतीला येणार नव्हता, कारण तोच तर बघायला आला होता. मी ताटं मांडली. तीच मासवडी, तीच चटणी, तीच भाकरी, आणि जाऊबाईंच्या मापानं शिजवलेला भात. तिघं ताटाकडं न बघता माझ्याकडं बघत होते, त्या बाईला मागचं आठवत होतं हे उघड होतं. आणि माझ्या घशाशी पुन्हा तेच आलं, साधंच आहे. मी तोंड मिटून घेतलं. नवरा दारात तांब्या घेऊन उभा होता. मी त्याच्या कमरेकडं बघितलं, तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

मग मी म्हणाले. अगदी हळू, पण सरळ बाईच्या डोळ्यांत बघून. "धिस इज माय भाकरी. नाचणी फ्रॉम माय ओन फील्ड. आय मेक बाय हँड. टुमॉरो ऑल्सो सॉफ्ट. इन धिस व्हिलेज, माय भाकरी इज द बेस्ट."

वाटलं होतं, लाजेनं मान खाली जाईल. गेली नाही. जे खरं होतं तेच मी बोलले होते, आणि बोलून झाल्यावर मी ताठ उभी होते. बाईनं भाकरी मोडली. म्हाताऱ्यानं रश्शात बुडवून खाल्ली आणि डोळे मिटले. नंतर काय, भाकरी वाढता वाढता माझी धांदल उडाली. म्हातारीनं विचारलं, भात कसा केला? मी म्हणाले, "राइस इज माय सिस्टर-इन-लॉज वे. शी इज बेटर दॅन मी." हेही खरंच होतं, आणि हे म्हणताना तर मला मुळीच जड गेलं नाही. बाई जाताना चुलीपाशी आली, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "यू वेअर राइट." मी "नो, नो" म्हणणार होते, पण म्हणाले, "यस. थँक यू."

तीन दिवसांनी साहेबाचा फोन आला, घर पक्कं झालं म्हणून. पहिली तुकडी दिवाळीच्या आठवड्यातच. जाऊबाईंना नात झाली, तेही कळलं. मी दोन्ही बातम्या मॅडमला कळवल्या. तिनं मला इंग्रजीत लांबलचक मेसेज पाठवला. त्यातलं सगळं कळलं नाही. पोरीला पाठवून फोनवर वाचून दाखवायला सांगितलं, तेव्हा पुन्हा पुन्हा ऐकावंसं वाटलं.

दिवाळीच्या आधी दोन दिवस, मी ओसरीवर सारवत होते आणि नवरा अंगणात पाहुण्यांसाठी बाकडं ठोकत होता. पारगावहून त्याच्या टोळीतल्या माणसाचा फोन आला, दरवर्षी येतो तसा. फोन स्पीकरवर होता, कारण याच्या हातात हातोडी. तिकडून म्हणाला, "काय राव, कवा निघताय? सोमवारी गाडी पाठवू का?"

"औंदा न्हाई जमायचं, भाऊ," नवरा म्हणाला. "हितंच कामाला लागलोय."

"गावात? कुनाकडं?"

नवऱ्यानं हातोडी खाली ठेवली, फोन तोंडाशी धरला आणि नीट ऐकू जाईल असं म्हणाला, "बायकोकडं."